आम्ही चुकून नाशिकचे झालो

आमच्या घराण्यात वाडीच्या वाटणीवरून कधी भांडण झालं नाही. बास्केटबॉलवरून मात्र माणसं एकमेकांच्या लग्नाला गेलेली नाहीत.

त्यामुळे वसईला मुलींचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ निघतोय ही बातमी आमच्या नंदाखाल गावात पोचली तेव्हा मी बँकेतून अर्धी रजा टाकून घरी आलो आणि बायकोला पेढा भरवला. मार्था शाळेत गणित शिकवते. तिने पेढा खाल्ला आणि विचारलं, "कोणाला काय झालं?"

"आपला संघ झाला!" मी म्हणालो. "वसई वादळ! आणि त्यात आपली ग्लेन्सी!"

ग्लेन्सी ही माझी भाची. राहते उमेळ्याला, शाळेत पीटी शिकवते, आणि चेंडू तिच्या हातात असला की समोरच्या मुली तिला शोधत बसतात. उंची मात्र बेताची. खेळाचं हे वेड तिने माझ्याकडून घेतलं. (मीही शाळेच्या संघात होतो. राखीव होतो, पण पाणी मीच द्यायचो, आणि पाण्याशिवाय कोणता संघ जिंकलाय?)

संघाचे मालक बिल्डर होते. बिल्डिंगमधून त्यांना वेळ मिळत नसल्याने त्यांनी संघ जावयाकडे सोपवला. जावई तरुण, हसतमुख, आणि बास्केटबॉलच्या बाबतीत अगदी कोऱ्या पाटीचा. पहिल्याच सामन्याला मुली मैदानात आल्या तर जर्सीवर 'वसई वाद' छापलेलं! 'ळ' छापायचा राहिला होता. प्रेक्षकांत माझ्याशेजारी आचोळ्याचे सावंत बसले होते. मूळचे कणकवलीचे, गेली कित्येक वर्षं इथे फ्लॅट घेऊन राहिलेले आणि वसईकरांपेक्षा जास्त वसईकर झालेले. ते म्हणाले, "निदान खरं तरी छापलंय!" तिथूनच आमची मैत्री जमली.

पुढे सगळं उतरणीलाच लागलं. प्रशिक्षक म्हणून जावयाने स्वतःच्या जिमचा ट्रेनर आणला. त्याने मुलींचे दंड सुधारले, नेम बिघडवला. एका सामन्याच्या दिवशी मालकांच्या घरी नातवाचा बाप्तिस्मा नव्हे, बारसं होतं, म्हणून सगळ्या संघाला तिकडेच जेवायला नेलं. श्रीखंड-पुरी! दुपारी मुली मैदानात अशा धावत होत्या की पंचाने दोनदा खेळ थांबवून "कोणाला लागलंय का?" असं विचारलं.

आणि ग्लेन्सी? ग्लेन्सी बाकावर! सामन्यामागून सामने बाकावर!

एकदा मी जावयाला गाठलंच. "अहो, त्या मुलीला खेळवा की!"

"अंकल, हाइट नाही ना तिची," तो प्रेमाने म्हणाला. "बास्केट बघा किती वर आहे."

"पण चेंडू वर फेकायचा असतो! नेऊन ठेवायचा नसतो!"

"वो भी है," असं म्हणून त्याने माझ्यासोबत सेल्फी काढला.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी भाषण केलं. मार्था शांतपणे वह्या तपासत होती. आई कोळंबी सोलत होती. आईचं माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं, त्यामुळे लग्नानंतर इतकी वर्षं नंदाखालात काढूनही तिचा 'ण' अजून 'न'च आहे, आणि तिच्यासमोर भाषण करणं म्हणजे भरतीच्या वेळी वाळूत रेघा ओढणं.

"मंग करनार काय?" तिने विचारलं.

"निषेध!" मी म्हणालो. "काळे कपडे घालून हॉलमध्ये जाणार! सगळ्यांनी! फलक घेऊन!"

कल्पना सावंतांची होती, पण नेतृत्व माझं. (पुढे काय झालं ते पाहता हे वाक्य उलटं लिहायला हवं होतं.)

पुढच्या रविवारी नाशिकच्या संघाशी सामना होता. मी काळा शर्ट घातला. मार्था म्हणाली, "मी फक्त तुझ्यावर लक्ष ठेवायला येतेय," पण तिनेही काळा ड्रेस घातला. आईकडे काळं म्हणजे मयताला नेसायची साडी. तीच नेसली, वर सवयीने हातात जपमाळ घेतली आणि गाडीत मागे जाऊन बसली. फाटकाशी शेजारचा फेलिक्स केळीला पाणी लावत उभा होता. आमच्याकडे बघून त्याने पाइप खाली टाकला.

"रॉबर्ट... काय झालं रे?"

आता साधं उत्तर द्यायला काय हरकत होती? पण मी निषेधाच्या भरात होतो. काच खाली करून भरल्या गळ्याने म्हणालो, "सगळं संपलं, फेलिक्स!" आणि गाडी काढली.

हॉलच्या दाराशी सावंत फलक घेऊन उभे होते. त्यांचाही काळा शर्ट. आम्हाला बघताच एक स्वयंसेवक धावत आला. "या, या! तुमची सोय इकडे केलीय!" त्याने आम्हाला थेट पुढच्या रांगेत नेलं. गाद्यांच्या खुर्च्या! थंड पाण्याच्या बाटल्या! वर चिवड्याची पाकिटं!

"बघितलंत?" मी सावंतांना कोपराने ढोसलं. "घाबरले! निषेधाची नुसती कुणकुण लागली तर चिवडा आला!"

"चिवडा बरा आहे," सावंत विचारात पडून म्हणाले. "पण जरा नाशिककडचा वाटतो."

तेवढ्यात आईच्या डोक्यावर कोणीतरी टोपी घातली आणि हातात झेंडा दिला. झेंड्यावर फणा काढलेला नाग होता. मी तो बघतोय तोवर शिट्टी झाली, आणि समोरच्या दारातून नाशिकच्या मुली धावत मैदानात आल्या. संघाचं नाव 'नाशिक नागीण'. जर्सी काळी कुळकुळीत!

माझ्या घशात चिवडा अडकला.

"रॉबर्ट," मार्था अगदी हळू म्हणाली, वर्गात मुलगा फळ्यावर चुकला की म्हणते तशी. "आपण कुठे बसलोय?"

उठावं म्हटलं तर दोन्ही बाजूंनी नाशिककर घट्ट बसलेले. शिवाय कॅमेरा आमच्यावरच होता, कारण आई झेंडा हलवत होती. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. "चांगली मानसं हायत," ती मला म्हणाली, "आल्या आल्या पानी दिलं." आणि समालोचक लाउडस्पीकरवरून ओरडत होता, "खास नाशिकहून आल्यात या आजीबाई! काय हा उत्साह!"

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. सावंतांनी फलक उघडला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: व्यवस्थापन बदला!

नाशिककर अस्वस्थ झाले. कुजबुज सुरू झाली. मग त्यांच्या मॅनेजर बाई, चष्मा लावलेल्या, अगदी सौम्य, लगबगीने आमच्याकडे आल्या.

"दादा, काही गैरसोय झाली का? आमचं काही चुकलं का?"

"नाही हो," मी म्हणालो.

"मोकळेपणाने सांगा. खुर्ची बदलून देऊ का? आजींना चहा हवाय का?"

आणि खरंच चहा आला! आमच्या संघाने वर्षभरात आम्हाला साधं 'या, बसा' म्हटलं नव्हतं, आणि ज्यांच्याविरुद्ध आमचा निषेधही नव्हता त्या बाई दिलगिरी व्यक्त करत होत्या. मला रडू येईल असं वाटलं.

मध्यंतराला फोन वाजला. फेलिक्स. मागे खूप माणसांचा आवाज.

"रॉबर्ट, आम्ही सगळे तुझ्या अंगणात आलोय. मेणबत्त्या आणल्यात. रोजरीची प्रार्थना सुरू करू, की तुम्ही येईपर्यंत थांबू?"

"कसली रोजरी? कोण गेलं?"

"ते तूच सांगणार ना!" फेलिक्स म्हणाला. "आम्ही म्हटलं... म्हातारी..." (गाडीत मागे बसलेली आई त्याला दिसलीच नव्हती.)

आईला कानाने कमी ऐकू येतं असं आम्ही समजतो, पण स्वतःबद्दलचं बरोबर ऐकू येतं. तिने फोन ओढून घेतला. "कोन रे मेलं? मी हितं च्या पिते!"

पलीकडे कोणीतरी किंचाळलं. नंतर कळलं, ती फेलिक्सची बायको.

आता माझी अब्रू वसईत, नाशिकमध्ये आणि थेट प्रक्षेपणात एकाच वेळी गेली होती. आणखी काही जायचं उरलं नव्हतं. तिकडे वसईचा संघ मार खात होता. उंच मुली बिचाऱ्या उंचच होत्या. कोणी कोणाला चेंडू देत नव्हतं, कारण तसं शिकवायला कोणी नव्हतंच. फाउल होत गेले, एकेक मुलगी बाहेर जात गेली. शेवटचं सत्र सुरू झालं आणि जावयाने बाकाकडे पाहिलं. खेळू शकेल अशी तिथे एकच मुलगी उरली होती.

ग्लेन्सी उठली. जॅकेट काढलं. मैदानात आली, आपल्या माणसांना शोधायला तिने वर बघितलं, आणि तिला नाशिकच्या स्टँडात पुढच्या रांगेत मामा, मामी आणि नागाची टोपी घातलेली आजी दिसली.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तिला काही कळेना. मग तिने ओठ घट्ट आवळले. तिची आई, म्हणजे माझी बहीण, चिडली की अगदी अशीच दिसते. त्या रागातच तिने पहिला चेंडू घेतला, दोघींच्या मधून काढला, तिसरीला चकवलं आणि बास्केट!

मी उडालोच! "ग्लेन्सीऽऽ! घे गं पोरी!" नाशिकच्या भर स्टँडात! मार्था खुर्चीवर चढली. होय, गणिताच्या मार्थाबाई, खुर्चीवर! सावंतांनी शिट्टी मारली. आई नाशिकचा झेंडा वसईसाठी असा फडकवू लागली की शेजारच्या गृहस्थांचा चष्मा उडाला.

"अहो, तुम्ही नक्की कोणाचे?" त्यांनी चष्मा शोधत विचारलं.

"नात हाय माझी!" आई ओरडली.

यावर नाशिककरांनी काय करावं? आधी ते हसले. मग, देव त्यांचं भलं करो, पुढच्या बास्केटला त्यांनीही टाळ्या वाजवल्या. ग्लेन्सी स्वतः टाकत होतीच, पण त्याहून जास्त ती देत होती. त्या उंच मुलींना वर्षात पहिल्यांदा हव्या त्या जागी चेंडू मिळत होता, आणि त्या खेळायला लागल्या होत्या! तिकडे आमच्या अंगणात फेलिक्सने फोनवर सामना लावून तो तुळशीच्या कुंडीला टेकवला होता (होय, आमच्याकडे तुळस आहे, आईला खोकल्याला लागते), आणि मयताला आलेली माणसं मेणबत्त्या उंच धरून ओरडत होती.

एका गुणाने हरलो. एका! पण हॉलमधलं एकही माणूस हललं नाही. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि ते रडणं हरलेल्यांचं नव्हतं. ग्लेन्सी आमच्यापाशी आली.

"मामा, मी तुमच्याशी बोलणार नाहीये."

"बरं."

"कसं खेळले?"

"ग्लेन्सी," मी म्हणालो आणि हातातलं चिवड्याचं पाकीट तिच्यापुढे धरलं. तिने आजीच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतः घातली आणि आजीच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मागून जावई आला. मला वाटलं, आता हॉलमधून हाकलणार. त्याने माझा हात हातात घेतला. "अंकल, माझं चुकलं. हिला आधीच खेळवायला पाहिजे होतं. पुढच्या मॅचपासून ही कॅप्टन." मग जरा घुटमळून म्हणाला, "मला यातलं खरंच काही समजत नाही. तुम्ही मदत कराल?"

वर्षभर ज्याला मनात शिव्या दिल्या, तो इतक्या सरळपणे बोलेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "अरे बाबा, सोपं असतं सगळं. जरा लक्ष द्यावं लागतं, एवढंच."

तर परतीच्या सामन्यासाठी संघ नाशिकला न्यायची जबाबदारी माझ्याकडे आली. तो सामना आम्ही जिंकलो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सांगायची मला हिंमत होणार नाही.

व्यवस्थापन कसं असतं ते मी दाखवून दिलं. पाणी, चेंडू, औषधाची पेटी, सगळं मी स्वतः बघितलं. जर्सीवरची अक्षरं मोठ्याने वाचली. बस ठरलेल्या वेळेला सुटली. संघाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. मी ड्रायव्हरच्या शेजारी ताठ बसलो होतो. मागे मुली गाणी म्हणत होत्या, आई आणि मार्था टाळ्या देत होत्या. उमेळ्याच्या फाट्यावर तोंडाला स्कार्फ बांधलेली एक मुलगी जोरजोरात हात हलवत होती. आपल्या संघाची लोकप्रियता बघून मला भरून आलं. मीही खिडकीतून हात हलवला.

हायवेला लागल्यावर फोन आला.

"मामा," ग्लेन्सी म्हणाली, "तुम्ही आत्ता मला टाटा केलंत."

मी ड्रायव्हरला बस वळवायला सांगितली. अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. गाणी थांबली. आणि मागच्या सीटवरून आईचा खणखणीत आवाज आला, "ही टीम चालवतो तरी कोन रे?"