शक्यता नाकारता येत नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला मी एरवी सगळं सांगतो, कारण ती निम्मं ऐकत नाही आणि उरलेलं विसरते. हे मात्र तिने ऐकलं असतं. म्हणून गप्प राहिलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढं कारण पुरे.

पण आधी आमच्या मंडळाविषयी सांगायला हवं. कोकणातल्या गावाचं एक मंडळ गावात असतं, एक मुंबईत. गावातलं मंडळ कामं करतं. मुंबईतलं ठराव करतं. आमच्या मुंबई मंडळात मुलुंड, बोरिवली, दहिसर, जोगेश्वरी इथे पसरलेले लोक आहेत. बहुतेकांचे बाप गिरणीत होते. गाव सुटून जन्म गेला, आणि म्हणूनच गावाचं भलं कशात आहे हे प्रत्येकाला नक्की ठाऊक. देवळाला रंग कोणता द्यायचा हे दहिसरला ठरतं, पाण्याची टाकी कुठे बसवायची हे बोरिवलीत. अध्यक्ष आप्पा तर असे, की खांद्यावर शाल पडल्याशिवाय त्यांना भाषण सुचत नाही.

मी या सगळ्याला मनातल्या मनात हसायचो. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेला माणूस, चार पुस्तकं जास्त वाचलेली. मला सगळे ‘सर’ म्हणत. हसायचो, पण चिटणीसपद सोडत नव्हतो. लक्षात घ्या — हे मला तेव्हाही दिसत होतं.

मग साथ आली. गावचा आठवडी बाजार शिमग्यापासून बंद पडला. साऱ्या जिल्ह्याला एकच हुकूम — जिथे एकही रुग्ण नाही त्या वाडीलाही तोच, आणि जिथे रांगेने माणसं आजारी त्या शहरालाही तोच. भाजी परसात सडत होती, कोकमाची सोलं डब्यात पडून होती. तेव्हा आमच्या सरपंचबाईंनी शेजारच्या गावांशी बोलून एक साधी गोष्ट ठरवली. आपल्या पंचक्रोशीपुरता बाजार आपण उघडायचा. बाहेरचा व्यापारी नको, बाहेरचा माल नको. आणि मुंबईहून जो येईल त्याने आधी ठरलेले दिवस शाळेत राहायचं, मगच बाजारात पाऊल टाकायचं. बस. यात कळायला कठीण काय होतं?

काहीच नव्हतं. ते कठीण करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्याला ‘प्रादेशिक पुनरारंभ आराखडा’ असं नाव दिलं. सरपंचबाई फोनवर म्हणाल्या, “सर, बाजार उघडूचो हा. इतक्याच लिवा ना!” मी नाव बदललं नाही. तहसीलदारांनी होकार दिला, तो आराखड्याला की बाईंच्या खेपांना, हे मी विचारलं नाही.

आणि मग आप्पांना प्रश्न पडला — फीत कोण कापणार?

“मुंबई मंडळाशिवाय बाजार उघडणार? वा रे वा!” ऑनलाइन सभेत ते गरजले. कुणीतरी हळूच शाळेचा नियम काढला. आप्पा म्हणाले, “अरे, आपण काय राहायला चाललोय? फीत, फोटो, परत!” कुणी हरकत घेतली नाही. नियमाची वाक्यं माझी होती, मी तरी हरकत घ्यायची. पण माझं भाषण लिहून तयार होतं. चांगलं झालं होतं भाषण.

इथवर तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय? असा मूर्खपणा सगळ्यांनीच केला. थांबा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोने लसणाची फोडणी दिली आणि मला वास आला नाही. अंगात किंचित कसर होती. मी कॉफीचा डबा उघडून पाहिला. मग देवघरातला कापूर घेऊन नाकाशी धरला — माझ्यासारखा नास्तिक माणूस, कापराची वडी हातात घेऊन देवांसमोर उभा! — काही नाही. याचा अर्थ मला कळला का? मी रोज तीन वर्तमानपत्रं वाचायचो. अर्थातच कळला. आप्पांना एक फोन पुरला असता. मी तापाची गोळी घेतली आणि भाषण इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

बाजारात बौद्धवाडीतल्या ताराबाई मसाला घेऊन बसल्या होत्या. मागे त्यांचा मुलगा सदानंद. तो वाकोल्यात रिक्षा चालवायचा. रिक्षा बंद पडल्यावर गावी आला आणि शाळेत राहिला — ठरलेले सगळे दिवस. शाळा त्यांच्या अंगणातून दिसते. आई कुंपणाशी उभी राहून त्याच्याशी ओरडून बोलायची, आणि आत मात्र कधी गेली नाही. हे मला गावातल्या सगळ्यांनी कौतुकाने सांगितलं. मीही मान डोलावली.

आप्पांना फोटो हवा होता, सर मसाल्याचा वास घेतायत असा. मी मास्क खाली ओढला आणि टोपलीवर वाकलो. ताजा कुटलेला मसाला; सभोवती सगळे शिंकत होते. मी शिंकलो नाही. ताराबाईंनी बोलण्यासाठी तोंडावरचा पदर बाजूला केला.

“शिंक नाय इली तुमका? माजो मसालो वायट, काय तुमचा नाक वायट?”

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो — त्यांच्या चेहऱ्यासमोर, तोंड उघडं ठेवून. “काय वास आहे, ताराबाई!” असंही म्हणालो. फोटो छान आला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आठवडा उलटायच्या आत बाजार बंद. काही घरं आजारी पडली आणि बरी झाली. ताराबाई जिल्ह्याच्या रुग्णालयात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. गाडीत माझ्याशेजारी बसलेले आप्पाही आजारी पडले, आणि मंडळाने ठरवलं की अध्यक्षांना तो आजार गावाने दिला. मी घरात खोली बंद करून राहिलो. बायकोला सांगितलं, प्रवासाचा शीण आहे.

मग सभा भरली. “म्यूट काढ रे!” “आवाज येत नाय, यार!” हे सगळं झाल्यावर आप्पा खोकत म्हणाले, “आणला कुणी ते उघड आहे. तो वाकोल्याचा रिक्षावाला.” बोट त्याच वाडीकडे वळणार होतं, ते सदानंद येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. तरी जोगेश्वरीचा एक जण म्हणाला, “पण तो तर शाळेत बसला होता ना?” क्षणभर सगळे घुटमळले. नेमके तेव्हाच घुटमळले. आणि आप्पा म्हणाले, “सर, तुम्ही सांगा. तुम्ही वाचता.”

मी म्हणालो, “शक्यता नाकारता येत नाही.”

एवढंच. खोटं तरी आहे का हे वाक्य? कुठल्याही अग्रलेखात खपेल. आप्पा बोलले असते तर ती एका बढाईखोर माणसाची बडबड राहिली असती. मी बोललो, म्हणून तो निष्कर्ष झाला. बाजार पुन्हा उघडला — सरपंचबाई भांडल्या, तरी ताराबाईंच्या घराची जागा सोडून. गावात सदानंदकडे पाहून लोक वाट बदलू लागले. तो वाकोल्याला परतला. आप्पांना मी हसायचो, पण या कामाला आप्पा पुरले नसते.

गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो. सांगायला. बसमध्ये वाक्य जुळवत होतो. जुळवलेलं वाक्य चांगलं झालंय असंही एकदा वाटून गेलं. तो स्टँडवर रिक्षा पुसत होता. मला पाहून त्याने फडकं टाकलं, चहा मागवला.

“सर, तुम्ही त्या सभेत बोललात ते कळलं होतं मला,” तो म्हणाला. “राग नाय आला. बरोबरच होतं ते. शाळेत अजून थोडे दिवस काढले असते ना, तर आई असती. मला घरी जायची घाई झाली.”

आता — आता बोलायचं होतं. तो समोर उभा होता, हातात दोन कप घेऊन.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “मुद्दाम थोडंच केलंस तू? विसर आता. गावात कुणाच्या मनात काही नाही.”

त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, “तुम्ही एवढ्या लांब आलात हे सांगायला.”

मी चहा प्यालो. मी त्याला माफ करून घरी आलो.