बॉनेटवरचा नाग

बोथच्या फाट्यावर देवानंदच्या दुकानाची पाटी तीन लिप्यांत आहे. तेलुगू, मराठी आणि इंग्रजी. तिन्हींत मजकूर एकच: 'एअरब्रश आर्टिस्ट'. गिऱ्हाईक कुठल्याही लिपीतून आत शिरो, विचारतं एकच, "नंबर प्लेट कधी भेटंल?"

देवानंद नंबर प्लेटी रंगवतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकांच्या पोरांची नावं टाकतो. पण ही कामं तो करत नाही, ती त्याच्या हातून होतात, असं त्याचं म्हणणं आहे. तो कलाकार आहे. नागपूरच्या एका गॅरेजात राहून तो गाड्यांवर जनावरांची कातडी उतरवायला शिकून आला. परतल्यावर पहिला बिबट्या त्यानं बायकोच्या स्कूटीवर काढला, तिला न विचारता. वनमाला मंडल कार्यालयात कारकून आहे. घर तिच्या पगारावर चालतं. "हापिसात लोक विचारून राह्यले, बाई, गाडीले खरूज झाली काय," एवढंच ती म्हणाली. देवानंदनं ते मनाला लावून घेतलं नाही. आपल्या भागात कलेची जाण नाही, हे त्याला नागपूरलाच कळलं होतं.

त्याला फार काही नको होतं. बघणाऱ्यानं थांबावं आणि विचारावं, हे कुणी केलं? बस.

संधी चालून आली ती भारतच्या नव्या काळ्या जीपमधून. भारत जवळच्याच गावचा, घरची कापसाची शेती, स्वतःचं बी-बियाण्याचं दुकान. त्याला जीपवर वाघाची कातडी हवी होती.

"पाह्यल्याबरोबर लोक बाजूले झाले पाह्यजेत, देवाभाऊ."

"वाघ म्हंजी पट्टे," देवानंद म्हणाला. "पट्टे पायजम्याले बी असतात. तुमी सापाची कातडी घ्या."

"साप काऊन?"

"सापाले पाहूनबी लोक बाजूलेच होतात. अन् वाघ तर आता हरेक जण काढून राह्यला."

शेवटचा मुद्दा भारतला पटला. हरेक जण असण्याची त्याला लहानपणापासून भीती होती.

काम देवानंदनं मन लावून केलं, हे मान्य केलं पाहिजे. आधी रुपेरी रंग दिला. त्यावर कांद्याच्या पिशवीची जाळी ताणून बसवली आणि वरून काळसर हिरव्या रंगाचा फवारा मारला. जाळी उचलली की खाली खवले तयार. मडगार्डच्या वळणावर जाळी जास्त ओढली की खवले लांबट होतात, जसे सापाच्या पोटाकडे होत जातात. मग एकेका खवल्याच्या एका बाजूला सावली, दुसऱ्या बाजूला उजेडाचा बारीक ठिपका. वरून चकाकीचा थर. जीप अशी दिसायला लागली की हात लावला तर गार लागेल. इथं थांबला असता तर ही गोष्ट घडली नसती. पण बॉनेट त्याला रिकामं वाटलं, आणि रिकामी जागा कलाकाराला सहन होत नाही. त्यानं बॉनेटच्या मधोमध फण्यावरचा दहाचा आकडा काढला. भारतनं तो सांगितला नव्हता. तोवर जीपवर नुसता साप होता, कुठलाही. आता नाग झाला.

जीप पोचवायला त्यानं मुहूर्त निवडला नागपंचमीचा. सणाला लोक घरी असतात, प्रेक्षक आयते मिळतील, असा त्याचा हिशेब.

प्रेक्षक मिळाले. भारतची आई गयाबाई पूजेचं ताट घेऊन वारुळाकडे निघाली होती. दारातली जीप बघून ती थबकली, आणि ताटासकट बॉनेटकडे वळली. हळद, कुंकू, लाह्या, दूध. वारुळाच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता, त्यामुळे गल्लीतल्या बाकीच्या बायकांनाही हा साक्षात्कार लवकर झाला. रांग लागली. देवानंद कुंपणापाशी उभा राहून बघत होता. त्याच्या कामापुढे लोक हात जोडत होते. नागपूरच्या उस्तादाच्या वाट्याला हे आलं नव्हतं. कुणी केलं म्हणून आता विचारतील, मग विचारतील, अशी त्यानं वाट पाहिली. एकीनं विचारलं, पण दूध इंजिनात गेलं तर चालतं काय, एवढंच.

पूजा आटोपल्यावर भारत चावी घेऊन बाहेर आला.

"कुठं चालला?" गयाबाईनं विचारलं.

"बोथले."

"नागाच्या पाठीवर बसून?"

"माय, जीप हाय ते."

"सकाळी नाई बोलला जीप हाय म्हून. पाया तर तूबी पडला."

भारतनं देवानंदकडे पाहिलं. "देवाभाऊ, थो आकडा घासून काढा बरं."

"आज?" गयाबाई म्हणाली. "आज घरात भाजी चिरली नाई म्या, अन् तू नागाचं डोस्कं घासाले लावतो?"

दुसऱ्या दिवशीही घासता आलं नाही, कारण पुजलेल्या देवाला पॉलिश पेपर लावायचा नसतो. जीप अंगणात उभी राहिली. आरशाला कुणीतरी छोटा भगवा झेंडा बांधला. भारत बापाच्या खडखडणाऱ्या मोटरसायकलवर दुकानात जाऊ लागला, आणि लोक बाजूला व्हायचे ते तिच्या धुरामुळे.

तोडगा काढला त्याच्या बापानं. महिपत घरात सहसा बोलत नाही. त्याचं कुणी ऐकत नाही, म्हणून असेल. "नाग बॉनेटात हाय," तो म्हणाला. "बॉनेट उतरवा, वावरातल्या लिंबाखाली ठेवा. दुसरं बसवा बिनआकड्याचं. आकडा नाई तर बाकी सगळी धामण. धामणीवर बसाले कोनाची ना हाय?"

गयाबाईनं विचार केला. धामण उंदीर खाते, शेताच्या भल्याची आहे, आणि तिचा कुठला सण नाही. ती राजी झाली.

बॉनेटचे बोल्ट सोडायला देवानंदलाच बोलावलं. त्यानं एक अट घातली. कोपऱ्यात 'देवा आर्ट्स, बोथ' असं नाव आहे, ते दिसलं पाहिजे.

"राहू दे ना बापू," गयाबाई म्हणाली. "तुह्या नावानं देवाले काय होते."

इतक्या सहज कुणी कबूल झालं की सावध व्हायला हवं. पण कलाकाराला ते शिकवत नाहीत.

लिंबाखालचा नाग बघता बघता गाजला. बोथच्या पलीकडून, उटनूरकडून लोक यायला लागले. एका सोमवारी देवानंद इस्त्रीचा सदरा घालून आपलं काम बघायला गेला. रांग होती, स्वतःच्याच कामापुढे तो रांगेत उभा राहिला. बॉनेटवर शेंदराचे थर चढले होते. आकडा लोकांनी जपून मोकळा ठेवला होता. कोपऱ्यातलं नाव मात्र पार बुजलं होतं. पुढच्या म्हातारीला त्यानं स्वतःच विचारलं, कारण दुसरं कुणी विचारत नव्हतं.

"हा कोनी काढला, मावशी?"

"काढला?" म्हातारी म्हणाली. "स्वयंभू हाय, बापू. लोखंडातून वर आला."

"म्या काढला. बोथले दुकान हाय माहं."

म्हातारीनं त्याला सदऱ्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "देवाच्या दारात असं बोलू नये. लेकरं असतील ना घरी? चाल, पाया पड."

घरी आल्यावर त्यानं हे वनमालाला सांगितलं.

"मंग पडले काय पाया?"

"मागं रांग होती व," देवानंद म्हणाला.

वनमालानं नळ मोठा सोडला आणि पाठ करून भांडी घासायला लागली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गावचा पंढरी टेम्पोतून एक भंगारातलं बॉनेट घेऊन दुकानात आला. इकडेतिकडे बघत त्यानं आवाज उतरवला.

"थो लिंबाखालचा तुमीच काढला ना, भाऊ?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न घेऊन दुकानात आलेला हा पहिला माणूस. देवानंदनं हातातली नंबर प्लेट खाली ठेवली.

"हो. म्याच काढला."

"आमच्या गावालेबी पाह्यजे, तसाच. पण नाव टाकाचं नाई, अन् कोनापाशी बोलाचं नाई. स्वयंभूच पाह्यजे."

देवानंद बॉनेटपाशी गेला. तळहात फिरवून कुठं चेपलंय, कुठं गंज धरलाय ते त्यानं पाहिलं.

"ठेवा तिकडं भिंतीले टेकून," तो म्हणाला. "स्वयंभूले टाइम लागते."