खिडकीला रामराम

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. आमच्या कंपोझिटर काकांवर ज्या चुकीचा आळ आला, ती खरी माझी होती. आणि काका म्हणजे संगणकाशी माणुसकीने वागणारा अख्ख्या वऱ्हाडातला एकमेव माणूस.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या छापखान्यात पहिला संगणक आला, तोवर काकांचं अर्धं आयुष्य शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं होतं. संगणकापुढे बसताना ते चपला काढत, उठताना पडद्याला "येतो" म्हणत. पडद्यावरच्या एका खिडकीतून, म्हणजे विंडोतून, दुसरीत गेले की आधी "रामराम" टाइप करत, अक्षरं उमटली की पुसत आणि मगच कामाला लागत. खिडकी बदलली तरी कीबोर्डाचा जीव कधीकधी आधीच्याच खिडकीत घुटमळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मी हसलो की म्हणत, "कोनाच्या घरी गेला तं आवाज देतो का नाई? दारच उघडलं नसन, तं तू बोलून कोनासंग राहिला?"

एका दुपारी ते चहाला गेले. त्यांनी तपासून ठेवलेली चांदूर बाजारची एक लग्नपत्रिका पडद्यावर होती. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, फवारणीच्या औषधाच्या पत्रकाची खिडकी उघडली आणि कागदावर नजर ठेवून एक ओळ ठोकली. वर पाहिलं तर ओळ नाही. पुन्हा टाइप केली. पहिली कुठे गेली, ते शोधलं नाही. पत्रिका छापून गावभर वाटली गेली, तेव्हा कळलं: "वधूवरांना शुभाशीर्वाद द्यावेत. नंतर हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत."

शेठनी काकांना संगणकावरून उठवलं आणि कागद कापायला बसवलं. माझी नोकरी नवी होती. मी गप्प बसलो. "रामराम राहून गेला असन," असं काका स्वतःच म्हणाले, तेव्हाही.

पुढे संगणक तपासायला नागपूरहून इंजिनिअर आला. "एका खिडकीतली ओळ दुसरीत? असं होऊच शकत नाही," म्हणाला. काका कापायच्या टेबलावरून बोलले, "साहेब, तुमीच बसा. खिडक्या बदलत राहा, कागदाकडं पाहा अन् भराभरा आपलं नाव टाइप करा." साहेबांनी तसं केलं. बाराव्या खेपेला नाव गायब. काकांनी मानही वळवली नाही. "मांगच्या घरी पाहा." साहेबांचं नाव, पदवीसकट, बियाण्यांच्या यादीत भोपळा आणि दोडका यांच्या मधोमध बसलेलं होतं. मशीनवाला डबा वाजवायला लागला, शेठ हसता हसता खाली बसले. साहेबांनी उठून स्वतः खुर्ची पुसली. काका सावकाश चपला काढून तिच्यावर बसले, आणि त्या दिवसापासून रामराम टाइप केल्याशिवाय आमच्या छापखान्यात कोणी कामाला हात लावला नाही. साहेबांनीसुद्धा जाताना बूट काढून एकदा केला.

आता काका बार्शीटाकळीला लेकीकडे असतात. मी गेलो की मांडीवर थाप मारत इंजिनिअरची फजिती पहिल्यापासून सांगतात. शेवटी आवाज उतरतो. "पन त्या पत्रिकेले मीच चुकलो, बावा. जिंदगीत तेवढा एकच रामराम राहिला." मी मान खाली घालून चहा पितो.

काका त्या दिवशी काहीच विसरले नव्हते. ती ओळ मी टाइप केली होती. एवढं त्यांच्यासमोर बसून सांगणं मी त्यांना देणं लागतो.