ओल्या पॉलिशवरचा अंगठा

“हात काढा, सर.”

मिस्त्रींचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. म्हणताना ते माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. नजर लाकडावर, पेन्सिल कानावर, आणि माशी हाकलावी तशी दोन बोटं हलवायची. तेवढ्यावरून मी समजायचं, की आपला हात नको तिथं गेलेला आहे.

खरं सांगायचं तर माझा हात नेहमी नको तिथंच असायचा. सांधा दिसला की तो चिकटला का ते बघावं, पॉलिश दिसलं की वाळलं का ते बघावं, धार दिसली की ती खरंच धार आहे का ते बघावं. या शेवटच्या जिज्ञासेची खूण माझ्या डाव्या तर्जनीवर अजून आहे. तुमच्या ओळखीतही असा एखादा मास्तर असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

गोष्ट मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीच्या वर्षांतली. मी तेव्हा पूर्णेच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचो. एका जूनमध्ये वेळापत्रकात कार्यानुभवाचे, म्हणजे लाकूडकामाचे, चार तास उरले. हेडसरांनी शिक्षकखोलीभर नजर फिरवली आणि ते माझ्या गळ्यात घातले. “तुम्ही रिकामे दिसता,” एवढीच माझी पात्रता. पाठोपाठ कुठल्याशा योजनेतून अवजारांची पेटी आली. त्यातली करवत मला ओळखता आली. बाकीच्यांशी ओळख करून घ्यायला मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो.

दुकान रेल्वेच्या कुंपणाला लागून, चार पत्र्यांचं. मिस्त्री तरुणपणी आगगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीवर रोजंदारीनं होते, तिथंच काम शिकलेले. राहायचे बौद्ध वस्तीत. गावात पिढीजात सुतारांची घरं होती, त्यामुळं लोक मिस्त्रींकडून खाट, खुर्ची करून घ्यायचे, देव्हारा मात्र दुसरीकडून. “बरंच हाय की,” ते म्हणायचे, “देव्हाऱ्याला बारीक काम लय असतंय.” मोर्चा असला की दुकानाला कुलूप. दुसऱ्या दिवशी घसा पार बसलेला, पण रंधा चालू.

या माणसानं मला फुकट शिकवलं आणि आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. एक कागद. तो मी कसा दिला ते मला सांगायचं आहे. पण सांगायला लाज वाटते, म्हणून आधी हसण्यासारखं सांगून घेतो.

पहिल्याच दिवशी मी सागाच्या फळीवर रंधा चालवला, तर ढलप्या निघायच्या ऐवजी फळीचेच टवके उडायला लागले. मिस्त्री उठून आले. “लाकडाच्या रेषा बघा आधी. मांजराला शेपटीकडून डोक्याकडं कुरवाळता का तुमी?” त्यांनी नुसती फळी फिरवून ठेवली. तोच रंधा, तेच माझे हात, आणि काय सांगू, हातभर लांब ढलपी अलगद वर आली. मी ती खिशात घालून घरी नेली, बायकोला दाखवायला.

“छान आहे,” ती म्हणाली. “कुणी काढली?”

सरसाचं प्रकरण त्याहून वाईट. बाजारात डब्यातला पांढरा डिंक आला होता, पण मिस्त्रींचा भरवसा सरसावर. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेले ते तपकिरी तुकडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, आणि भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही. ते गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून सरस पातळ करायचा. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं, वही शाळेत विसरलो आणि घरी सरस शिजवला. स्टोव्हवर, थेट, दुधाच्या पातेल्यात. घरमालक चौकशीला आले, की घरात काही मेलंय का. पातेलं मी मिस्त्रींकडं नेलं. त्यांनी वास घेतला.

“ह्याच्यानं आता काय बी चिकटणार न्हाई,” ते म्हणाले. “वहिनी बोलायल्यात का तुमच्याशी?”

सरस लावला की सांधा दोरीनं बांधायचा, दोरीत काठी घालून पीळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडं फिरकायचं नाही. मला ते कुठलं जमतंय! माझ्या पहिल्या स्टुलाची दोरी मी दोन तासांत सोडली. चिकटल्यासारखं वाटलं, म्हणून कौतुकानं शिक्षकखोलीत नेऊन ठेवलं. चित्रकलेचे सर त्यावर बसले आणि बोलता बोलता खाली गेले. मिस्त्रींना सांगितलं तर आधी विचारलं, “लागलं का त्यांना?” नाही म्हटल्यावर मग पोट धरून हसले.

एवढ्या तयारीवर मी हेडसरांना सांगून बसलो, की सव्वीस जानेवारीला पाहुण्यांच्या भाषणासाठी पोडियम आम्ही शाळेतच करू. आम्ही म्हणजे मी. डिसेंबरअखेर जे तयार झालं ते उभं कमी आणि भिंतीला टेकलेलं जास्त होतं. सांध्यांतून पलीकडचा फळा दिसायचा. मिस्त्री बघायला आले, भोवती एक फेरी मारली आणि हातोडीच्या चार ठोक्यांत सगळं सुटं केलं. “सरस तुमचा होता म्हणून सोपं गेलं,” म्हणाले. मग सलग तीन रविवार त्यांनी ते नव्यानं केलं. मी पॉलिशपेपर पुढं करायचो.

“तुमचा सुट्टीचा दिवस जातोय, मिस्त्री.”

“जाऊ द्या की. पोरीची शाळा हाय.” त्यांची मुलगी आमच्याकडं सातवीत होती.

पॉलिशसाठी त्यांनी चपडा लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये घालून बाटली दोन दिवस उन्हात ठेवली. लख्ख ऊन असलेला दिवस निवडला, कारण दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून बोळा केला, बोळा अडकू नये म्हणून त्यावर अळशीच्या तेलाचा थेंब सोडला, आणि हात फिरवायला सुरुवात केली. कुठंही न थांबता, कारण थांबला की डाग. असे दहा-बारा हात झाले. “आता सांजपर्यंत कुणी शिवायचं न्हाई,” असं बजावून ते चहाला गेले. मी एकटा राहिलो. ते परत आले तेव्हा वरच्या उतरत्या फळीवर, बरोबर मधोमध, माझा उजवा अंगठा उमटला होता. रेषा न् रेषा स्पष्ट.

मिस्त्रींनी वाकून तो उजेडात नीट बघितला.

“पुसता येईल का?” मी विचारलं.

“येतंय की. पन राहू द्या. एवढं तरी तुमचं असू द्या.”

सव्वीस जानेवारीला पाहुण्यांनी भाषणाआधीच पोडियमवर हात फिरवला आणि विचारलं, “हे कुठून आणलंत?” हेडसर म्हणाले, “आमच्या सरांनी शाळेतच केलंय.” टाळ्या पडल्या. मी विनयानं खाली बघितलं. मागं पालकांत मिस्त्री उभे होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. चार पावलांवर माइक होता आणि मला तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही.

दोन वर्षांनी मिस्त्री शाळेत आले. परभणीला एका प्रशिक्षण केंद्रात लाकूडकाम शिकवायला माणूस हवा होता. शिक्षण कमी असलं तरी चालणार होतं, पण काम केल्याचा एखाद्या संस्थेचा दाखला पाहिजे होता. वयाची अट होती आणि मिस्त्रींना ते शेवटचं साल.

“सर, एक कागद पायजे. पोडियम मी केलं म्हणून, हेडसरांच्या सहीचा.” मग हसून म्हणाले, “तुमाला शिकवलंय, आता कुनाला बी शिकवता येतंय मला.”

“उद्याच देतो,” मी म्हणालो. आणि बारा दिवस दिला नाही. हेडसर रजेवर आहेत, टाइपराइटरची रिबन संपली, शिक्का सापडत नाही. खरं कारण तुम्ही ओळखलं असेल. तो कागद मागायचा म्हणजे हेडसरांना सांगावं लागणार होतं, की दोन वर्षं मी दुसऱ्याच्या टाळ्या खिशात घालून फिरतोय.

शेवटचा दिवस शनिवार होता. अर्ज परभणीच्या कचेरीत दुपारी एकपर्यंतच घेणार होते. मिस्त्री सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून आले. मी म्हणालो, “हेडसर अजून आले नाहीत.” हेडसरांची सायकल आमच्या दोघांच्या मधे उभी होती. मिस्त्रींनी सायकलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“सर, गाडी साडेधाला हाय,” एवढंच म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन थांबले.

मी आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. हेडसर हसायलाच लागले. “अहो, आम्हाला काय माहीत नव्हतं? पाहुण्यांपुढं शाळेची शान म्हणून बोललो मी. तुम्हाला खिळा ठोकताना अख्ख्या शाळेनं बघितलंय.” मग टोपण काढून पेन हातात धरलं आणि म्हणाले, “हं, सांगा. पूर्ण नाव?”

“बघून सांगतो,” म्हणत मी उठलो. बाहेर सबंध मराठवाडा एका नावासाठी भांडत होता, आणि ज्या माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षं शिकलो त्याचं नाव मला माहीत नव्हतं. मिस्त्री. बस, मिस्त्री.

ते दहा पावलांवर उभे होते. जाऊन विचारायचं एवढंच काम. पण विचारायचं कसं, या लाजेनं मी मागच्या दारानं ऑफिसात गेलो, मुलीच्या वर्गाच्या रजिस्टरातून बापाचं नाव काढायला. कारकून चहाला गेलेला, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. तो सापडला, रजिस्टर सापडलं, नाव सापडलं, कागद टाइप झाला, सही झाली. मी धावत व्हरांड्यात आलो तेव्हा गाडीची शिट्टी होऊन गेली होती.

मिस्त्रींनी कागद शांतपणे वाचला, घडी घातली आणि बाराच्या एसटीनं गेले. पोचले तेव्हा दीड वाजला होता. खिडकी बंद.

सोमवारी मी दुकानात गेलो. किल्लीसाठी माझ्याबरोबर धावलेल्या शाळेच्या शिपायानं त्यांना एव्हाना सगळं सांगितलं होतं. “नाव इचारलं असतं तर सांगितलं असतं की, सर,” ते म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी दारात उभा राहून रडलो. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि पुन्हा कामाला लागले. हातात सागाच्या चार बारीक पट्ट्या होत्या. त्या कागदाला चौकट चालली होती.

“कागद झ्याक झालाय,” ते म्हणाले. “वाया कशाला घालवायचा?”

पुढं कितीतरी वर्षं ती चौकट दुकानात, दारातून समोर दिसेल अशी, लटकत होती. आत टाइप केलेलं त्यांचं पूर्ण नाव. त्या चौकटीवर होतं तसलं पॉलिश मी नंतर कुठं बघितलं नाही. मी त्यांच्याकडं जात राहिलो, ते मला “हात काढा, सर” म्हणत राहिले, आणि त्या शनिवारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला आजही तो काढल्याशिवाय राहवत नाही.

मिस्त्री गेले त्यानंतर मुलगी दुकान रिकामं करायला आली. ती आता स्वतः नांदेडला शिक्षिका आहे. मी तिला विचारलं, “तुझ्या बाबांवर लिहू का?”

“लिहा की, सर. पण नाव नका घालू.” ती हसली, हुबेहूब बापासारखी. “लोकांना वाटेल, पोडियमसारखं नावही तुम्हीच बनवलंय.”

हत्यारं तिनं शेजारच्यांना देऊन टाकली होती. राहिली ती चौकट. ती स्टुलावर चढली, तसा मी घाईनं पुढं होऊन खालून चौकटीला हात लावला.

“हात काढा, सर,” ती म्हणाली. माझ्याकडं न बघता.

मी दोन्ही हात मागं बांधले. तिनं चौकट उतरवली, पदरानं पुसली आणि कुठल्याही पिशवीत न घालता, नावाची बाजू बाहेर ठेवून, काखेत घेऊन स्टेशनाकडं चालू लागली.