राक्षसाचं कोण वाचणार?

बाळांनो, असं समजा की उन्हाळ्यातली दुपार आहे. पोटभर जेवण झालं आहे आणि तुम्ही चटईवर कुशीला वळून पडला आहात. कूलर घरघरतो आहे. डोळे मिटले आहेत, पण मोरीतल्या भांड्यांचा आवाज अजून कानावर येतो. झोप पुरती लागलेली नाही आणि जागही राहिलेली नाही. तिथेच थांबा. मीही तिथेच आहे.

कुणीतरी कूलर बंद करतं.

"बाई, मंडळाची वेळ झाली," मुळावकर म्हणतात.

मुळावकर म्हणजे आमच्या पुसदच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. शनिवारचं मुलांचं वाचनमंडळ त्यांनी सुरू केलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या मदतीला जाऊ लागले. गेल्या दिवाळीत ते वारले. हे मला झोपेतही ठाऊक आहे, म्हणून मी उठत नाही.

"तुम्ही गेलात ना हो?" मी विचारते.

"गेलो की. पण तुमची कादंबरी अर्धीच वाचली जातेय."

ते माझं मनगट धरतात. हात गार आहे, ओला आहे, आणि पुस्तकं चिकटवायच्या खळीचा आंबूस वास येतो. मी चटईवरून उठते तो पाय वाचनालयाच्या सतरंजीवर पडतो. कपाटं छतापर्यंत गेली आहेत. सगळी पुस्तकं भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. मुलंही तशीच. गोल करून बसली आहेत, पण पाठी आत आणि तोंडं बाहेर.

"कुठवर आलंय वाचन?" मुळावकर विचारतात.

ती कादंबरी तुम्हाला थोडक्यात सांगते. दोनशे वर्षांपूर्वीची, परदेशातली. एक विद्वान मेलेल्या माणसांचे अवयव जोडून नवा माणूस घडवतो. तो डोळे उघडतो, आणि विद्वान त्याला पाहून पळून जातो. त्याला नावसुद्धा ठेवत नाही. आमची मुलं त्याला राक्षस म्हणतात. मंडळात आम्ही पात्रं वाटून घेतो. डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याचं बोलणं शेवटपर्यंत आपण वाचायचं. मुळावकरांचा नियम एकच होता. निघालेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही.

"राक्षसाचं कोण वाचतंय, बाई?"

मी सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत बसते.

"कोण वाचतंय?"

"कुणीच नाही. आम्ही ते गाळतो."

"चिठ्ठी कुणाला निघाली होती?"

"समिधाला." माझा आवाज मलाच लांबून ऐकू येतो. "तिच्या गालावर भाजल्याची खूण आहे हो, कानापासून हनुवटीपर्यंत. तिनं चिठ्ठी उघडून नाव वाचलं आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, पोरीला लागेल. म्हटलं, तुला नको बाळा हे, दुसरी काढ. पहिली मी परत डब्यात टाकली. मग ती कुणीच घेईना."

"आणि समिधा?"

"तीन शनिवार झाले, आली नाही."

"हसणारा एकच होता," मुळावकर हळू म्हणतात. "तिचा चेहरा आणि राक्षस एकच आहेत, हे बाकीच्यांना कुणी सांगितलं?"

गोलात एक जागा रिकामी आहे. समिधाची. आता पाहते तर ती रिकामी नाही. तिथे कुणीतरी बसलं आहे, पाठमोरं, फार मोठं. कुणीतरी भराभर पानं उलटावीत तसा त्याचा श्वास ऐकू येतो.

"त्याला बोलायचंय," मुळावकर म्हणतात. "तुम्ही त्याचं तोंड डब्यात बंद केलंत."

मी दाराकडे धावते. दाराबाहेर माझ्या शाळेचा सातवीचा वर्ग आहे, आणि फळ्यासमोर तोच गोल. मागच्या दारानं निघते तर माझं स्वयंपाकघर. ओट्यासमोर तोच गोल, आता लहान झालेला, आणि ते पाठमोरं माझ्या हाताच्या अंतरावर.

"पळा, पळा," मुळावकर म्हणतात. ते रागावलेले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. "त्या विद्वानानंही तेच केलं."

ते पाठमोरं मान वळवू लागतं. आधी कान दिसतो. मग कानाखालची कातडी. मी डोळे गच्च मिटते.

"बघा, बाई."

"नाही हो, नको!"

"एवढी वर्षं पोरांना शिकवलंत. बघा!"

मनगटावरची पकड आवळते, आणि मी ओरडत उठून बसते.

कूलर चालू आहे. चार वाजलेत. घरात मी एकटीच. मनगटावर चार बोटांचे पांढरे पट्टे आहेत. नखाने खरवडते तर वाळलेल्या खळीचे पापुद्रे निघतात. माझ्या घरात खळ नाही. हे कसं झालं, ते मला विचारू नका.

कादंबरी पिशवीत टाकून मी तशीच समिधाच्या घरी जाते. ती पायरीवर बसली आहे. आई पत्र्यावरच्या कुरडया उलटवते आहे.

"राहू द्या न बाई," आई म्हणते. "तिचं मन नाही आता."

मी पायरीवर समिधाशेजारी बसते. "मी चुकले. चिठ्ठी तुझी होती."

"तुम्हीच तर नको म्हटलं."

"हो."

"काहून?"

एक गोड कारण माझ्या जिभेवर तयार आहे. मी ते गिळते. या वेळी मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहते. "मला भीती वाटली. सगळे तुझ्याकडे पाहतील म्हणून."

"ते तर रोजच पाहतात, बाई."

ती माझ्या पिशवीतून पुस्तक काढते, पानं मागे मागे नेते आणि एका ओळीवर बोट ठेवते.

"इथून. तुम्ही त्या विद्वानाचं वाचा. तो पळतो ते."

"आणि राक्षसाचं?"

"ते माझं आहे. मला येते."

मी तिच्या हातातल्या पुस्तकावर वाकून वाचते. विद्वान जिना उतरून पळतो, तिथे मी थांबते. समिधा उठते, पायरीवर ताठ उभी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी भरलेल्या गल्लीकडे तोंड करते आणि मोठ्याने राक्षसाचं वाचू लागते.