मावशीचं घमेलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. देवीला सांगायचं ठरवून वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढते, हात जोडते आणि भलतंच काहीतरी मागून खाली येते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या मावशीला ओळखत नाही, म्हणून असेल.

मावशी अकलोलीची, आईची थोरली बहीण. आम्ही भिवंडीतल्या नारपोलीचे, बाबा लूमवर कामाला, घरात दिवसभर शेजारच्या मागांचा खडखडाट. भिवंडीबाहेर एका गोदामात गारगोटीचा कारखाना होता. खाणीतून ट्रकनं पांढरे दगड यायचे, फोडून, निवडून काचेच्या कारखान्यांना जायचे. त्यांत लोखंडाची पिवळी, तांबूस शीर असलेले तुकडे असत; ते मालात राहिले तर काच हिरवट पडते. ते वेचून काढायला बायका बसत. मावशी त्यांतली जुनी. आणि तिथल्या लॅबमध्ये मला चिकटवली तीही मावशीनंच, शेठच्या मागं लागून लागून. हे आधीच सांगून टाकते. पुढं सांगायला जीभ उचलणार नाही.

मावशीची नजर — कशी सांगू? गावात लग्न निघालं की तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं तिला. तिच्या सुपातून खडा सुटला, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिला त्याचा गर्वही होता थोडा, बोलूनही दाखवायची. असू दे ना. तिच्याजवळ दुसरं होतं काय मिरवायला?

मग मशीन आलं, सेन्सरवालं. दगड पट्ट्यावरून धावत येतात, कॅमेरा एकेक बघतो, आणि खराब तुकडा पट्ट्यावरून खाली पडता पडता हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. पापणी लवायच्या आत. मशीनवाल्यांचा माणूस शिकवून गेला आणि शेठनं ते माझ्या हाती दिलं. डिप्लोमा झालेली पोर, त्यात ओळखीतली. मी हवेत. शेठला छातीठोकपणे सांगून बसले होते की बायकांपेक्षा हे सरस निवडेल. बायकांपेक्षा — म्हणजे कुणापेक्षा? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. खोटं कशाला बोलू, पडला होता. मी तो बाजूला सारला.

शेठ पक्का व्यापारी. त्यानं एकाच ट्रकचा माल अर्धा-अर्धा केला, अर्धा मशीनला, अर्धा बायकांना. सकाळी मशीननं माझी पुरती शोभा केली. दगडांवर धूळ होती, कॅमेऱ्याला धूळही पिवळीच दिसत होती, आणि चांगले पांढरे दगड धडाधड टाकाऊ ढिगात जाऊन पडत होते. माल आधी धुवायचा असतो, हे मला शिकवलेलं होतं. घाईत विसरले होते मी. शेठ म्हणाला, दुपारनंतरही असंच चाललं तर मशीन परत जाईल, आणि तूही लॅबच्या बाटल्या धुवायला परत जा. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मावशी हसली नाही.

जेवणानंतर माल धुऊन मशीनला लावला, तरी मावशीच्या नजरेपुढं ते टिकेल याची मला खात्री नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. संध्याकाळी शेठ प्रत्येकीचं निवडलेलं घमेलं तपासणार होता, म्हणून बायका आपापलं घमेलं सोडून हलत नव्हत्या. मावशीला तहान लागली होती. मी होतेच जवळ. उठता उठता म्हणाली, "माज्या घमेल्याकरं बघ गो जरा."

आणि मी — टाकाऊ ढिगातले तुकडे मी ओढणीत घेऊनच बसले होते. हो, आधीच. म्हणजे क्षणाचा मोह वगैरे काही नव्हता. पिवळे तुकडे मी तिच्या घमेल्यात खाली सारले, वरून पांढरे पसरले. दुसऱ्या कुठल्या घमेल्याजवळ मला कुणी फिरकू दिलं नसतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना?

शेठनं घमेलं पालथं केलं. एक निघाला, दुसरा निघाला, निघतच राहिले. मावशी गुडघे टेकून बसली आणि एकेक तुकडा उचलून उजेडाकडे धरून बघायला लागली. मी वाट बघत होते, आता म्हणेल, हे कुणीतरी टाकलेत. तोंडाची तिखट बाई, भांडायला हवं होतं तिनं. पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तसलं काही तिच्या मनातच आलं नाही. शेठला म्हणाली, "बायांना बोलू नका. माजं डोलं गेलं. कवा गेलं, मना कललंच न्हाय."

मी तिथंच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं.

बायकांचं काम बंद झालं. ते आज ना उद्या झालंच असतं. धुतलेल्या मालावर मशीन चांगलं चालतं, अजून चालतंय, आणि मी तिथं पगार घेते. पण काम जाण्याचं मी बोलतच नाहीये. काम गेल्यावर धाकट्या दिरानं तिला देवळाखालचं ओटीच्या सामानाचं दुकान चालवायला देऊ केलं. नको म्हणाली, नोटा ओळखता यायच्या नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले तिला. मीच, बघा. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर छान आहे. बाहेर आल्यावर तीच मला समजावू लागली की डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून असं बोलतात. आता ती रस्त्यानं नातवाचा हात धरून चालते. लग्नघराचं बोलावणं आलं की दुखणं सांगते आणि घरी राहते. चांगले डोळे असलेली माझी मावशी, आंधळ्यासारखी जगते. मला रडू येतं. येतं, आणि तोंड धुऊन मी कामाला जाते.

मागच्या महिन्यात अकलोलीला गेले होते. तिनं तांदूळ निवडून ठेवले होते — हाताची सवय कुठली जाते? — आणि सून आधण ठेवत होती. सूप माझ्याकडे सरकवत मावशी म्हणाली, "तू बघ गो एकदा. तुजं डोलं चांगलं हायत."

मी बघितले. मन लावून, दाणा न् दाणा. त्यात खडा नव्हता. एकही नव्हता.

"किती निघालं?" तिनं विचारलं.

डॉक्टरवर तिनं विश्वास ठेवला नव्हता. माझ्यावर ठेवला असता. एकही नाही म्हटलं असतं, तर आपली नजर शाबूत आहे हे तिला कळलं असतं. मग कधीतरी, बसल्या बसल्या, ते घमेलं तिला आठवलं असतं. आणि त्याच्याजवळ कोण बसलं होतं, तेही.

"दोन," मी म्हणाले.

"वाटलंच मना," ती म्हणाली आणि सूप सुनेकडे दिलं. मी मूठ मिटून बाहेर गेले आणि खडे टाकावेत तशी ती रिकामी मूठ अंगणात उघडली.