बरणीच्या बुडावरची धार

अण्णा गेल्याचं सांगायला वहिनीचा भाऊ सायकलवरून आला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि रडू येण्याची वाट पाहिली... आलं नाही. सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पाच आठवडे गप्प राहून पाहिलं, आता लिहितेच.

कन्नड मुलखात, बळेपेटेतल्या आमच्या मराठी घरात अण्णाच्या खिशातल्या चाकूचं कोण कौतुक! जुन्या बाजारातून आणलेला, घडीचा. त्याची धार टोकाकडे बाहेर फुगलेली आणि मुठीजवळ आत वळलेली. सपाट दगडावर घासला की फुगवटा तेवढा झिजायचा, आतला बाक बोथटच. अण्णानं दोनदा घासून पाहिला आणि चिडून फेकला. मी तेव्हा सोळा वर्षांची. लोणच्याची रिकामी चिनी मातीची बरणी पालथी घातली, तर तिच्या बुडाची खरखरीत गोल कड त्या बाकात नेमकी बसली. दाबायचं नाही, पातं कलू द्यायचं नाही, मनगट बाकाबरोबर हळूहळू वळवत न्यायचं... दुसऱ्या दिवशी अण्णानं त्या चाकूनं हवेत धरलेला कागद सरळ कापला. तेव्हापासून दर शनिवारी चाकू गुपचूप माझ्याकडे यायचा. "सुमे, स्वल्प बघ की. आणि कुठं बोलू नकोस हं." मीही कन्नडातच "सरी", म्हणजे बरं, म्हणायची. भावाचा मान तो आपला मान, असं वाटायचं वय होतं.

पुढे अण्णाच्या कारखान्यात बारीक कामाला मुली घ्यायला लागले. एका रविवारी त्याचे साहेब घरी आले. अण्णानं हौसेनं चाकू दाखवला. साहेबांनी पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "या आतल्या बाकाला धार कुणी लावली? असे हात हवेत मला. मुली येतात, पण हात कुठे मिळतात?" मी कॉफीचे पेले घेऊन दारातच उभी होते. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणाला, "मीच लावतो, सर. सरावानं येतं."

साहेब गेल्यावर मी विचारलं, "एक शब्द बोलला असतास तर?"

"लोक हसले असते मला."

हसले असते! त्याची घटकाभराची लाज वाचली आणि माझी कारखान्याची सकाळची बस, माझं काम, माझं स्वतःचं काहीतरी, सगळं गेलं. त्याच वर्षी माझं लग्न लावून दिलं. तरी माहेरी गेले की तो चाकू पुढे करायचा आणि मी धार लावून द्यायची. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तेराव्याला जो तो त्या धारेबद्दलच बोलत होता. मी वाढत होते. पंगत उठल्यावर वहिनीनं चाकू माझ्या हातात ठेवला. "वन्सं, आता याला धार कोण लावणार? त्यांचा हात गेला."

"धार मीच लावायची, वहिनी. पहिल्यापासून."

वहिनीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जमलेल्या बायकांना हलकेच म्हणाली, "भावाच्या दुःखानं भ्रमिष्टासारखं झालंय हो बिचारीला."

चाकू माझ्या कपाटात आहे. बोथट झालाय. बरणीही घरात आहे, पण मी धार लावत नाही. लावली तर अण्णाची धार अजून टिकलीय म्हणत लोक पुन्हा त्याचंच नाव घेतील.